दुपारचं वाचन : भीमाची दोन बोटं

एखाद्या कथेचा शेवट वाईट झाला की आपल्या तोंडून एक वाक्य हमखास बाहेर पडतं. पुस्तक मिटता मिटता आपण म्हणतो, "बरं झालं, केलं तसं भरलं!" आणि उठून चहाचं आधण ठेवतो.

हे वाक्य फार सोयीचं आहे, बरं का. ते उच्चारलं की हिशेब चुकता होतो. कथेतला माणूस वाईट होता, त्याला शिक्षा झाली, आपण वाईट नाही, त्यामुळे आपला काही संबंध नाही. पण मराठीत एक अशी कथा आहे की तिच्या शेवटी हे वाक्य ओठावर येतं आणि नीट विचार केला तर घशात अडकून बसतं. अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं'. नाव ऐकूनच काहीजणींनी कपाळाला आठ्या घातल्या असतील. "अहो, दुपारच्या वेळी कुठे स्मशानाच्या गोष्टी!" पण आज तिच्यावरच बोलायचं आहे. कारण ती कथा सोन्याची आहे, आणि सोन्याबद्दल आपल्याइतकं कोणाला कळतं?

त्याआधी एक शब्द समजून घेऊ. कॉलेजातल्या मुली अभ्यासात 'आयरनी' हा शब्द घोकतात. आपण त्याला उपरोध म्हणतो, वक्रोक्ती म्हणतो, कधी दैवाचा खेळ म्हणतो. शब्द अवघड वाटला तरी वस्तू आपल्या घरातली आहे. सून सकाळी आठला उठली आणि सासूबाई म्हणाल्या, "वा! आज अगदी पहाटेच उठलीस गं!" तर तो बोलण्यातला उपरोध. तोंड एक बोलतं, अर्थ दुसराच असतो.

दुसरा प्रकार प्रसंगातला. पाहुणे येणार म्हणून दोन दिवस राबून फराळाचे डबे भरावेत आणि पाहुण्यांनी दारातूनच "आमचा उपास आहे हो" म्हणावं. इथे कोणी टोमणा मारलेला नसतो. परिस्थितीच आपली थट्टा करते.

तिसरा प्रकार अधिक बारीक. आपल्याला ठाऊक असतं आणि पात्राला ठाऊक नसतं. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' आठवा. सुधाकर पहिला प्याला उचलतो तेव्हा साऱ्या नाट्यगृहाला कळलेलं असतं की तो एकच राहणार नाही. कळत नाही ते फक्त त्याला. नाटकाच्या नावातच उपरोध भरलेला आहे. आणि खुद्द गडकऱ्यांच्या बाबतीत दैवानं काय केलं पाहा. आपल्या नागपूरजवळच्या सावनेरला २३ जानेवारी १९१९ रोजी ते वारले. हे नाटक रंगभूमीवर आलं ते त्यानंतर. ज्यानं लिहिलं त्यालाच ते पाहायला मिळालं नाही.

आता सोन्याकडे वळू. भीमाच्या कथेकडे जाण्याआधी वाटेत एक परदेशी दागिना पाहून घेऊ, म्हणजे तुलना सोपी होईल. फ्रान्सच्या मोपासाँनं १८८४ साली एका हाराची गोष्ट लिहिली. 'नेकलेस' या नावानं ती जगभर वाचली जाते. माथिल्द ही एका कारकुनाची बायको. दिसायला सुंदर, पण गरिबी तिला सतत टोचत असते. एका मोठ्या समारंभाचं आमंत्रण येतं. नवरा साठवलेले पैसे मोडून तिला पोशाख शिवून देतो. मग गळा मोकळा दिसतो म्हणून ती श्रीमंत मैत्रिणीकडून हिऱ्यांचा हार मागून आणते. समारंभात मिरवते आणि परतताना हार हरवतो. मैत्रिणीला खरं सांगायचं धैर्य होत नाही. ३६,००० फ्रँकांचा तसाच दुसरा हार घेऊन तिला परत दिला जातो. त्या कर्जापायी दहा वर्षं भांडी घासून, पाणी भरून, भाजीवालीशी पैशापैशाची घासाघीस करून ती बाई म्हातारी दिसायला लागते. कर्ज फिटतं. आणि एक दिवस ती मैत्रीण भेटते, तेव्हा कळतं की तिचा तो हार मुळातच खोटा होता. फार तर ५०० फ्रँकांचा.

ही कथा वाचून आपण हळहळतो. पण मनात कुठेतरी म्हणतोही, "कशाला हवा होता तो मिरवायचा सोस? आणि खरं सांगून टाकलं असतं तर?" म्हणजे तिच्या दुःखाची एक दोरी तिच्या स्वभावात आहे. तिला 'दिसण्याची' हाव होती, आणि खोट्या दिसण्यानंच तिचा घात केला. स्वभाव आणि शेवट यांची गाठ मोपासाँनं घट्ट बांधली आहे. 'केलं तसं भरलं' हे वाक्य इथे पुरतं नसलं तरी थोडंफार चालून जातं.

अण्णा भाऊंच्या कथेत ते चालतं का, हे पाहायचं आहे.

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा. वारणेच्या खोऱ्यातलं वाटेगाव हे त्यांचं गाव, आता सांगली जिल्ह्यात. मातंग समाजात जन्म, घरची गरिबी, शाळा जेमतेम दीड दिवसाची. लहानपणी घरच्यांबरोबर ते पायी चालत मुंबईला आले. पुढे हमाली केली, गिरणीत काम केलं, घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहिले आणि तिथेच लिहीत राहिले. 'फकिरा' कादंबरीला १९६१ साली राज्य सरकारचं पारितोषिक मिळालं. १९५८ साली मुंबईत भरलेल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन करताना, हे जग कष्टकऱ्यांच्या हातांवर उभं आहे, असं त्यांनी सांगितलं होतं. १८ जुलै १९६९ ला ते गेले. ते हातांबद्दल काय म्हणाले एवढं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

कथा थोडक्यात अशी.

भीमा हा वारणाकाठचा गडी. पैलवानासारखा धिप्पाड, कोणाला न भिणारा. गावात पोट भरेना म्हणून तो मुंबईला येतो. काम मिळावं, चार पैसे गाठीला बांधावेत, बायकोच्या गळ्यात सोन्याचा एखादा डाग घालावा, एवढंच त्याचं स्वप्न. सारी मुंबई पालथी घातली तरी काम मिळत नाही. शेवटी शहराबाहेर, जंगलाच्या कडेला एका दगडाच्या खाणीत त्याला काम लागतं. पहार हातात घेतली की डोंगर त्याच्यापुढे मागे सरकायचा, अशी त्याची ताकद. मालक खूश, भीमा खूश. आणि काही महिन्यांतच खाण बंद पडते.

पुढे काय, या विचारात चाललेला असताना ओढ्याकाठच्या स्मशानात, चितेच्या राखेत, त्याला काहीतरी चमकताना दिसतं. सोन्याची अंगठी! त्या दिवसापासून त्याचा नवा उद्योग सुरू होतो. मढ्याची राख चाळायची, त्यातून सोनं वेचायचं आणि विकायचं. घरात पुन्हा दोन वेळची चूल पेटते. पुढे राख पुरेना, तेव्हा तो पुरलेली मढी उकरायला लागतो. एके दिवशी कानावर येतं, शेजारच्या गावचा बडा सावकार मेला आणि त्याला पुरलं. रात्र होते. बायको नको नको म्हणते. छोटी लेक नाबदा अंगणात असते. भीमा कोणाचं ऐकत नाही, निघतो.

थडग्यावर त्याच्या आधी कोल्हे येऊन पोचलेले असतात. माणूस आणि कोल्हे, एका मढ्यासाठी झुंजतात. भीमा जिंकतो. सावकाराच्या अंगावरचं सोनं काढतो. मग आठवतं, तोंडातही असणार. जबड्यात पहार घालून तो उघडतो आणि बोटं आत सारतो. तेवढ्यात कोल्ह्यांचा गलका, कुत्र्यांचं भुंकणं, गाव जागं होतं, माणसं येऊ लागतात. घाईत तो पहार आधी काढून घेतो आणि मेलेल्या सावकाराचा जबडा त्याच्या बोटांवर मिटतो, अडकित्त्यात सुपारी सापडावी तसा. कशीबशी सुटका करून तो घरी येतो तो तापानं फणफणत. डॉक्टरांना त्याची दोन बोटं कापून टाकावी लागतात. आणि त्याच दिवशी बातमी येते की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाली. हत्तीसारखा तो माणूस लहान पोरासारखा रडतो.

कथा संपली. आता ती उलगडायची आहे, कोथिंबिरीची जुडी निवडतो तशी. एकेक काडी वेगळी करून.

पहिली काडी, भीमाचा स्वभाव. लेखकानं त्याला नाव काय दिलं आहे पाहा. भीमा! महाभारतातल्या भीमाला बळाच्या जोरावर सारं मिळालं. या भीमाला बळाची किंमत देणारा माणूस मिळत नाही. गावात त्याची ताकद वाया, मुंबईत वाया, फक्त खाणीत ती उपयोगी पडते आणि तीच खाण बंद होते. तो आळशी नाही, दारुडा नाही. चोरीमारी करायला काही तो मुंबईला आला नव्हता. बायको-लेकीवर जीव टाकणारा साधा गृहस्थ आहे. आपल्या घरातले पुरुष पहिल्या पगाराला जे मनात योजतात, तेच त्यानं योजलेलं आहे.

पण लेखक त्याला देवमाणूसही करत नाही. ही खरी कसब. सोनं मिळू लागल्यावर भीमाचं मन हळूहळू निबर होत जातं. राखेतलं सोनं वेचणं आणि पुरलेलं मढं उकरणं यात फरक आहे, आणि तो फरक त्याला दिसेनासा होतो. कोणी श्रीमंत मेला की त्याला आनंद व्हायला लागतो. कथेची सुरुवात याच आनंदानं होते! सावकाराच्या मरणाची बातमी आणि भीमाची खुशी. आधी आपल्याला तो भयंकर वाटतो. मग लेखक मागे जाऊन त्याची कहाणी सांगतो आणि भयंकर वाटणाऱ्या माणसाजवळ आपण नकळत जाऊन बसतो. हाच क्रम उलटा असता तर कथेचा निम्मा परिणाम गेला असता.

दुसरी काडी, त्याची बायको. ती कथेत थोडाच वेळ दिसते, पण तिच्यावर नजर ठेवा. ती त्या धंद्याला भिते, नवऱ्याला अडवते. त्याच धंद्याच्या पैशानं आणलेल्या पिठाची भाकरीही तीच थापते. तिला ढोंगी म्हणायचं का? मैत्रिणींनो, घरात येणारा पैसा कुठून येतो हे न विचारणाऱ्या आपल्यापैकी कितीजणी असतील? आणि विचारूनही दुसरा मार्ग नसलेल्या किती? भीमाचं म्हणणं असं की खाण बंद झाली तेव्हा कोण आलं होतं विचारायला? तिचं म्हणणं असं की हे काम माणसाचं नाही. दोघंही खरं बोलतात. एका घरात दोन खरी माणसं समोरासमोर उभी राहिली की तिथे कथा जन्माला येते. एक खरं, एक खोटं असेल तर नुसता निकाल लागतो.

तिसरी काडी, उपरोध. लोक समजतात की या कथेतला उपरोध शेवटी आहे. तो पहिल्या पानापासून आहे, टाक्याटाक्यानं विणलेला.

बायकोच्या अंगावर सोनं घालायचं म्हणून माणूस घर सोडतो. सोनं त्याला मिळतं, पण कुठून? मेलेल्यांच्या अंगावरून. जिवंतांच्या एवढ्या मोठ्या मुंबईत त्याला पोटाला मिळत नाही आणि मेलेल्यांच्या वस्तीत मिळतं.

गरिबाच्या राखेत काही नसतं, श्रीमंताच्या राखेत सोनं असतं, हे भीमाला अनुभवानं कळतं. आपण म्हणतो, मरणापुढे सगळे सारखे. राख चाळणारा माणूस म्हणतो, नाही हो, तिथेही फरक आहे.

सावकार हा जन्मभर दुसऱ्यांना कर्जात पकडणारा. मेल्यावरही त्याची पकड सुटत नाही. जबड्यात सापडतात ती बोटं कोणाची? कष्टकऱ्याची. लेखक इथे एक शब्दही भाषण करत नाही. नुसता जबडा मिटतो आणि आपण काय ते समजतो.

कोल्ह्यांना त्यानं हरवलं, आणि त्याच कोल्ह्यांच्या गलक्यानं त्याचा घात केला.

आणि ती पहार! खाणीत तिच्यानं डोंगर फोडायचा, स्मशानात तिच्यानं जबडा फोडायचा. अवजार तेच, हात तेच, बळ तेच. बदललं ते फक्त काम. ज्या हातांवर जग उभं आहे असं अण्णा भाऊ म्हणाले, त्या हातांना जगानं हे काम दिलं.

आता येऊ त्या वाक्याकडे. "पण बाई, मढं उकरणं ते मढं उकरणंच ना! पाप केलं, बोटं गेली. केलं तसं भरलं." असं म्हणणाऱ्या बाईशी मी भांडणार नाही. ज्यांच्या घरचा माणूस गेला आहे त्यांच्या दुःखाची त्यात विटंबना आहे, हे खरंच आहे. अण्णा भाऊंनीही ते लपवलेलं नाही. मढी उकरली जातात म्हणून आसपासची गावं कशी हादरतात, हे त्यांनी दाखवलं आहे. तो विचार नसता तर बायकोचं 'नको नको' कथेत आलंच नसतं.

पण माझा एक साधा प्रश्न आहे. कथा शिक्षेची असती तर ती बोटं कापली तिथेच संपायला हवी होती. पापाला फळ मिळालं, शुभं भवतु. मग खाण सुरू झाल्याची बातमी लेखकानं कशाला आणली? भीमानं राख चाळली म्हणून काही खाण बंद झाली नव्हती. त्याची बोटं गेली म्हणून ती सुरूही झाली नाही. खाण बंद होणं आणि सुरू होणं हे भलत्याच कोणाच्या तरी हातात होतं, आणि त्या कोणाला भीमाचं नावही ठाऊक नसेल. देव रागावला असं म्हणावं, तर देवानं त्याच दिवशी काम परत का दिलं?

इथेच माथिल्द आणि भीमा वेगळे होतात. माथिल्दला वाट होती. खरं बोलण्याची. भीमाला काय वाट होती? थांबण्याची. खाण आज ना उद्या सुरू होईल म्हणून वाट पाहायची. पण भूक थांबत नाही, आणि खाण कधी उघडेल हे कोणी त्याला सांगितलेलं नव्हतं. माथिल्दचा हार खोटा निघाला म्हणून तिचे कष्ट वाया गेले. भीमाचं सोनं खरंच होतं, अगदी बावनकशी. तरी त्याचं सारं गेलं. मला दुसरी कथा अधिक कठोर वाटते.

नागपुरात हे समजावून सांगावं लागू नये. जमशेटजी टाटांनी १८७७ साली इथे एम्प्रेस मिल सुरू केली. पिढ्यान् पिढ्या घरं तिच्या भोंग्यावर उठली आणि जेवली. २००२ साली ती कायमची बंद झाली. गिरणीच्या दाराला कुलूप लागलं की त्या रात्री घरातल्या बाईला काय वाटतं, हे या शहरात पुष्कळजणींनी भोगलं आहे. हातात कसब आहे, अंगात ताकद आहे आणि सकाळी जायला जागा नाही. मग कोणी हातगाडी लावते, कोणी चार घरची धुणीभांडी धरते, कोणी पापड लाटते. भीमाच्या वाट्याला राख आली. वाट निवडताना माणसाचा स्वभाव दिसतो, हे खरं. पण पुढ्यात वाटा किती होत्या, हेही मोजायला नको का?

आणखी एक गोष्ट सांगते, आणि ती आपल्या अगदी घरातली आहे. सावकाराच्या तोंडात सोनं का होतं? कारण कोणीतरी ते घातलं होतं. माणूस जाताना मुखात गंगाजल, तुळशीपत्र आणि सोन्याचा कण घालायची आपली रीत आहे. हे काम बहुतेक घरांतून बायकाच करतात. डोळे पुसत देव्हाऱ्याजवळच्या डबीतून गुंजभर सोनं काढतात, कधी स्वतःच्या पोतीतला मणी ओवणातून सोडवून देतात. ती रीत श्रद्धेची आहे, मायेची आहे. तिच्यावर मला काही म्हणायचं नाही. पण तो मणी पुढे कुठे जातो, हा विचार मी तरी ही कथा वाचेपर्यंत केला नव्हता. तो राखेत जातो. राख सावडून आपण अस्थी रामटेकच्या अंबाळ्याला नेतो. मागे जे उरतं, ते कोणीतरी चाळतं. सोनारांच्या दुकानांपुढची माती झाडून, धुऊन त्यातलं कणभर सोनं काढणाऱ्या झारेकऱ्यांना आपण कधी पापी म्हटलं नाही. राख चाळणाऱ्याला मात्र चटकन म्हणतो. सोनं तेच, चाळणी तीच.

आणि सोन्याला वास नसतो, मैत्रिणींनो. भीमानं विकलेलं सोनं मुशीत वितळलं असेल, त्याची पुन्हा बांगडी झाली असेल, पुन्हा कोणाच्या तरी लग्नात चढली असेल. जे सोनं बायकोच्या गळ्यात घालायचं म्हणून भीमा निघाला होता, ते दुसऱ्याच कोणाच्या तरी गळ्यात गेलं. हे कथेत लिहिलेलं नाही. पण चांगली कथा मिटल्यावरही मनात अशी चालत राहते.

आता नेहमीप्रमाणे थोडं घरगुती. पाककृती नुसती वाचून पदार्थ होत नाही, तसंच कथेचं आहे. महिला मंडळात किंवा भिशीच्या दुपारी चारजणींनी मिळून एखादी कथा वाचायची झाली, तर एवढं करून पाहा.

एक. कथा दोनदा वाचा. पहिल्यांदा पुढे काय होतं म्हणून, दुसऱ्यांदा शेवट माहीत असताना. दुसऱ्या वाचनात पहिल्याच पानावर लेखकानं पेरलेलं बी दिसतं. भीमाच्या हातातली पहार पहिल्या वेळी नुसती पहार असते. दुसऱ्या वेळी ती पाहून पोटात गोळा येतो.

दोन. हिशेबाच्या वहीत असतात तशा दोन बाजू आखा. एका बाजूला लिहा, पात्राला काय हवं होतं. दुसऱ्या बाजूला, काय मिळालं. भीमाला काम हवं होतं, ते मिळालं. सोनं हवं होतं, तेही मिळालं. दोन्ही मिळूनही तो रडतो. जमा बरोबर आणि शिल्लक काहीच नाही, हा उपरोध.

तीन. कोणाला काय माहीत नाही, ते विचारा. खाण सुरू होणार आहे हे भीमाला माहीत नाही. भीमासारखे लोक असतात हे सावकाराच्या घरच्यांना माहीत नाही. आणि खाणीच्या मालकाला? त्याला तर काहीच माहीत करून घ्यायचं नाही.

चार. घडलं त्यात स्वभाव किती आणि परिस्थिती किती, यावर मोकळेपणी वाद घाला. एकीनं भीमाची बाजू घ्यावी, एकीनं त्याच्या बायकोची. मतं जुळलीच पाहिजेत असं नाही. मुलांना मात्र ही कथा जरा मोठी झाल्यावरच द्या. आठवी-नववीतलं मूल पेलू शकेल. एकट्यानं वाचू देऊ नका, शेजारी बसा.

ही कथा पचल्यावर आपल्या विदर्भातल्या कथांकडेही वळा. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या कुसुमावती देशपांडे यांचे 'दीपकळी', 'मोळी' हे कथासंग्रह ग्रंथालयात मागा. १९६१ साली ग्वाल्हेरला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या, आणि तो मान मिळालेल्या पहिल्या स्त्री. नरखेडचे वामन चोरघडे, १९७९ च्या चंद्रपूर संमेलनाचे अध्यक्ष, यांच्याही कथा वाचा. आवाज वेगळे आहेत, पण साध्या माणसाला जवळून पाहण्याची सवय तीच.

तर या आठवड्याचं काम एवढंच. 'स्मशानातील सोनं' मिळवा, दुपारची झाकपाक उरकल्यावर दार लोटून घ्या आणि सावकाश वाचा. लहानशीच कथा आहे, एका बैठकीत होते. शेवटच्या ओळीपाशी आलात की "केलं तसं भरलं" असं म्हणून पाहा. म्हणवलं तर मला कळवा. नाही म्हणवलं, तर घटकाभर आपल्याच हातांकडे पाहत बसा. दहाही बोटं जागच्या जागी आहेत आणि उद्या सकाळी त्यांना काम आहे, हे केवढं सोनं आहे ते तेव्हा कळेल.